मृत्यूच्या दप्तरातील मुंबई

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतील एका रोग्यास तपासून मुंबईत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, शिरकाव झाल्याचे २३ तारखेस निःशंकपणे सांगितले, त्याच्या आधीपासूनच बंदरालगतच्या त्या दाट वस्तीत माणसे नेहमीपेक्षा अधिक मरत होती आणि त्यांची नावे म्युनिसिपालटीच्या मृत्युनोंदीत रीतसर चढतही होती. मात्र ती चढत होती तापाच्या सदरात. धान्याच्या वखारीत राबणारा हमाल काय किंवा गोदीत रोजावर जाणारा मजूर काय, त्याच्या दुखण्याचे नाव सांगावयास त्याच्या हयातीत कोणी वैद्य आलेला नसे. तेव्हा मागाहून कारकुनाने विचारले असता बरोबरच्या मंडळींनी ताप म्हणून सांगावे आणि कारकुनाने तेच लिहून घ्यावे, यात नवल करण्यासारखे काही नव्हते. शहरात शिरलेल्या एका भयंकर रोगाची पहिली वार्ता दप्तराने दिली नाही. ती रोग्याच्या बिछान्यापाशी जाऊन बसणाऱ्या डॉक्टराने दिली. पुढल्या तेहतीस वर्षांत मुंबई शहर आणि मुंबई इलाखा यांच्या मृत्युसंख्येचा जो इतिहास घडला, त्याचे बीज मला या एका गोष्टीत दिसते.

वास्तविक मुंबईचे हे दप्तर हिंदुस्थानातील इतर शहरांच्या मानाने पुष्कळच जुने आणि पुष्कळच भरवशाचे होते. बेटावरील मृत्यूंची पद्धतशीर नोंद १८४८ पासून होऊ लागली होती, आणि १८६५ साली शहरास स्वतंत्र आरोग्याधिकारी मिळाल्यापासून तिचे साप्ताहिक आणि वार्षिक तक्ते छापून निघत होते. सात बेटांच्या त्या चिंचोळ्या जमिनीवर प्रेताला परस्पर निरोप देणे कठीण होते. हिंदूंना सोनापूरसारख्या स्मशानात, मुसलमानांना आपल्या कबरस्तानात आणि पारशांना मलबार टेकडीवरील दोखम्याकडे जावेच लागे, आणि तेथे नोंद टाळता येत नसे. म्हणून मेली किती, या प्रश्नाचे मुंबईच्या दप्तराने दिलेले उत्तर सामान्यतः खरे मानावयास हरकत नाही. कशाने मेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र मयताच्या ऐपतीवर अवलंबून राही. मरणापूर्वी ज्याच्या घरी डॉक्टर येऊन गेलेला असे त्याच्या नावापुढे रोगाचे नाव येई. ज्याच्या घरी कोणीच आलेले नसे त्याच्या नावापुढे ताप, हगवण, खोकला अशी लक्षणे येत. एकाच वहीत, एकाच शाईने, दोन निरनिराळ्या प्रतींचे ज्ञान शेजारी शेजारी लिहिले जात होते, आणि वर्षाअखेरीस त्यांची बेरीज एकच होई.

याच्या मुळाशी कारकुनांची हयगय होती असे म्हणून पुष्कळ अंमलदार मोकळे झालेले आहेत. मला ते पटत नाही. नोंद खरी होण्यासाठी ती व्हावी असे ज्याच्याविषयी ती होते त्याच्या घरच्यांना वाटावे लागते, आणि तसे वाटण्याची कारणे त्या काळच्या मुंबईत फार विषम वाटली गेली होती. मृत्युपत्राचा अंमल व्हावयाचा तर मृत्यूचा दाखला हवा. वारसाचे नाव मिळकतीला लागावयाचे तर दाखला हवा. विम्याचे पैसे मिळावयाचे तर दाखला हवा. विलायती विमा कंपन्या हिंदी आयुष्यांवर जादा हप्ता आकारीत असत. १८७१ मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली तेव्हा हिंदी माणसाला नेहमीच्या हप्त्याने विमा उतरविण्याची सोय झाली, आणि त्याबरोबरच व्यापारी, वकील, सरकारी नोकर या वर्गांत मृत्यूची तारीख व कारण चोख लिहवून घेण्याची आस्था वाढीस लागली. ज्याच्या मागे मिळकत नाही, विमा नाही आणि कोर्टात जाऊन सांगण्यासारखा वारसाहक्क नाही, त्याच्या आप्तांना दाखल्याचे करावयाचे काय? त्यांच्या दृष्टीने स्मशानातील तो कारकून म्हणजे शेवटच्या वाटेवरील आणखी एक नाका होता.

प्लेगने यात आणखी एक भर घातली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला, आणि झडत्या, विलगीकरण छावण्या, सक्तीने इस्पितळात नेणे, घरातील सामान जाळणे किंवा औषधी पाण्याने भिजविणे हे सर्व प्रकार सरकारी अधिकाराने होऊ लागले. प्लेगचा मृत्यू उघडकीस आला की मागे राहिलेल्या कुटुंबावर हे सारे ओढवे, आणि ते एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबावर जितक्या पूर्णपणे ओढवे तितके बंगल्यात राहणाऱ्यावर ओढवणे शक्यच नव्हते. एक खोली रिकामी करणे म्हणजे त्यांच्या बाबतीत अख्खा संसार रस्त्यावर आणणे होते. तेव्हा लोकांनी मृत्यू लपविले. पुण्यात घरातल्या घरात प्रेते पुरल्याच्या हकिकती त्या काळी सर्वतोमुखी होत्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी रिपन रस्त्यालगतच्या जुलाहा वस्तीत एका आजारी मुसलमान मुलीस नेण्याच्या प्रयत्नावरून जो दंगा पेटला, त्याच्या मुळाशीही हीच धास्ती होती. ज्यांच्या घरी कुटुंबाचा डॉक्टर येई त्यांना प्लेगऐवजी दुसऱ्या एखाद्या रोगाचे नाव दाखल्यावर मिळण्याची निदान आशा असे. म्हणजे सधन माणूस मृत्यूचे कारण लपवू शके, तर निर्धन माणसाला मृत्यूच लपवावा लागे. आणि दप्तरात या दोन लपवालपवींच्या खुणा अगदी भिन्न उमटतात. पहिलीत एकूण संख्या शाबूत राहून सदर तेवढे बदलते. दुसरीत माणूसच हिशेबातून नाहीसा होतो.

शिवाय मृत्यूचे प्रमाण काढावयाचे तर अंशाइतकाच छेदही खरा असावा लागतो. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती, आणि त्याच आकड्याने भागून प्रमाणे काढण्याची वहिवाट होती. परंतु १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मे शहर कोकणात, घाटावर आणि गुजराथेत पळून गेलेले असताना त्या छेदाला काय अर्थ उरला होता? जे मागे राहिले त्यांतही वर्गभेद होता. गाव ज्याला होते, गावी जमिनीचा तुकडा होता किंवा निदान भाड्यापुरते पैसे होते, तो गेला. ज्याला यांतले काहीच नव्हते तो राहिला. १९०१ साली वस्ती ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत शहर आकाराने घटलेले दिसते, पण त्यात मेले किती आणि परतले नाहीत किती याची फोड मृत्युनोंदीवरून करता येत नाही.

प्लेगच्या अनुभवानंतर नोंदीची व्यवस्था सुधारली हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणूनच १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा मुंबईतील तपशील आपल्याला बऱ्याच बारकाईने मिळतो. १० जून रोजी गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन पोलीस इस्पितळात दाखल झाले, आणि थोड्याच दिवसांत तो ताप गोदीतून कचेऱ्या व गिरण्यांत आणि तेथून घरोघर पसरला. ही पहिली लाट मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र विलक्षण घातक ठरली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. स्मशानांत लाकूड पुरेना आणि इस्पितळांत जागा उरली नाही, तेव्हा ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या मंडळांनी औषधपाणी, दूध आणि शुश्रूषा यांची तजवीज आपल्या अंगावर घेतली. सरकार त्या दिवसांत फार थोडे दिसले.

साथ ओसरल्यावर आरोग्य खात्याने मृत्यूंची ज्ञातिवार वर्गवारी केली, आणि तो तक्ता आज वाचतानाही मन अस्वस्थ होते. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, अँग्लो-इंडियनांत ११.९, यहुद्यांत १४.८, देशी ख्रिस्त्यांत १८.४, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि मुसलमानांत १९.२ असे निघाले. आणि ज्यांना त्या तक्त्यात कनिष्ठ जातींचे हिंदू असे म्हटले होते त्यांच्यात ते ६१.६ निघाले. हवेतून पसरणारा, ज्ञातिगोत न पाहणारा, गव्हर्नराच्या बंगल्यात आणि हलालखोरांच्या चाळीत सारखाच शिरणारा असा हा रोग मानला जात होता, तोच एका समूहात दुसऱ्याच्या सातपट बळी घेऊन गेला. शहराचे रस्ते झाडणारे, मैला वाहणारे, गोदीत आणि रेल्वेच्या यार्डात ओझी उचलणारे हे लोक. घरातील एक अंथरुणाला खिळला तर दुसऱ्याने कामावर जावयाचे की त्याच्या तोंडात पाणी घालावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा होता, आणि रोज कमावल्याखेरीज चूल पेटत नसल्यामुळे त्याचे उत्तर बहुधा ठरलेलेच असे. इन्फ्लुएन्झावर त्या काळी औषध नव्हते. ऊब, पाणी, पेज आणि शेजारी बसणारे माणूस एवढाच काय तो उपचार होता, आणि तेवढाच त्यांना परवडत नव्हता.

या तक्त्यावर घेण्यासारखा एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वस्तीचे आकडे १९११ च्या खानेसुमारीचे होते. त्या साली शहराची वस्ती ९,७९,४४५ होती, ती १९२१ साली ११,७५,९१४ झाली. आणि मधल्या काळात, विशेषतः युद्धाच्या तेजीत, जे नवे लोक आले ते बहुतेक कष्टकरीच होते. म्हणजे मेलेले गरीब आजचे आणि भागाकार सात वर्षांपूर्वीच्या गरिबांच्या संख्येने, असा प्रकार झाला. शिवाय खानेसुमारीत जात सांगतो कुटुंबप्रमुख, आणि स्मशानात ती सांगतात खांदेकरी; दोन्ही ठिकाणी ती एकच सांगितली गेली असेल असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. हे सर्व खरे धरले, आणि अगदी उदार हाताने त्या समूहाची वस्ती दीडपट होती असे मानून हिशेब पुन्हा केला, तरीही प्रमाण हजारी ४१ च्या खाली उतरत नाही. ते सवर्ण हिंदूंच्या दुपटीहून अधिक आणि युरोपियनांच्या जवळजवळ पाचपट राहते. आकडा सदोष आहे. पण त्यातील अंतर दोषाच्या पोटात मावत नाही.

शहराबाहेर पाऊल टाकले की असा हिशेब करण्याचीही सोय राहत नाही. इलाख्याच्या खेड्यांत जन्ममृत्यूची वही गावकामगारांकडे असे. कुलकर्णी किंवा तलाठी ती लिही, पाटील तिच्यावर देखरेख ठेवी, आणि गोषवारा तालुक्याच्या कचेरीत जाई. कारणांची सदरे मोजकीच होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार आणि इतर. पटकी व देवी ओळखू येत. बाकीचे बहुतेक मरण तापात जमा होई. मयताची खबर पोहोचविणे हे वतनदार महाराच्या बिगारीच्या कामांपैकी एक काम होते. गावातील कोणाच्याही घरी मयत झाले की उन्हापावसात परगावच्या सोयऱ्यांकडे ती वार्ता घेऊन त्याने जावे, असा रिवाज. पण त्याच्या स्वतःच्या वस्तीत, गावकुसाबाहेर, एखादे मूल गेले आणि ओढ्याकाठी पुरले गेले, तर ती खबर चावडीपर्यंत आणण्याचे कोणाला अगत्य होते? चावडीच्या पायरीखाली उभे राहून सांगावयाचे, आणि वरून लिहिणाऱ्याने लिहिले की नाही हे आपल्याला वाचता येत नाही, अशी ती व्यवस्था होती. भिल्लांच्या आणि कातकऱ्यांच्या पाड्यांवर तर वहीच पोहोचत नसे. बाईच्या मरणाची नोंद पुरुषाच्या मरणापेक्षा, आणि तान्ह्या मुलाच्या मरणाची नोंद मोठ्या माणसाच्या मरणापेक्षा अधिक सहज गळे. इन्फ्लुएन्झात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक मेल्या असे पुढे दिसून आले, हे या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९१८ च्या पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि अशा ऑक्टोबरात ही साथ, जिला खेड्यापाड्यांत लोक मानमोडी म्हणू लागले, ती दख्खनच्या पठारावर उतरली. पाटील, तलाठी, कोतवाल, महार सारेच अंथरुणावर पडले असता वही लिहिणार कोण? ज्या आठवड्यांत सर्वांत अधिक माणसे मेली, नेमक्या त्याच आठवड्यांत नोंद सर्वांत अधिक अपुरी राहिली. त्यात पुन्हा वहीत इन्फ्लुएन्झा नावाचे सदर नव्हते. म्हणून ताप आणि श्वासाचे विकार यांचे आकडे नेहमीच्या वर्षांपेक्षा किती फुगले हे पाहून बळींची संख्या अंदाजाने काढावी लागली. सरकारी पहिला अंदाज हिंदुस्थानभर सुमारे ६० लाखांचा होता. पुढे १९२१ ची खानेसुमारी झाली, आणि जी माणसे असावयास हवी होती ती सापडेनात. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या ३१ कोटी ५१ लाखांवरून कशीबशी ३१ कोटी ८९ लाखांवर गेली होती, आणि मुंबई इलाख्याची तर घटली होती. तेव्हा खानेसुमारीचे कमिशनर मार्टेन यांनी तो अंदाज १ कोटी २० लाख ते १ कोटी ३० लाखांवर नेला. १९८६ साली मिल्स या अभ्यासकाने नोंदीतील गळती हिशेबात धरून १ कोटी ७० ते ८० लाख एवढी संख्या काढली. त्यानंतरच्या काहींनी ती १ कोटी ४० लाखांच्या आसपास आणली आहे. कोणताही अंदाज घेतला तरी पहिल्या सरकारी आकड्यात कित्येक लाख माणसांच्या मृत्यूला जागा मिळाली नव्हती एवढे निश्चित. ज्यांची नावे वहीत आली नाहीत, त्यांच्या मरणाची साक्ष अखेर त्यांच्या गैरहजेरीनेच दिली.

खेड्यात नोंद कमी होई. शहरात तिच्या दोषाने नेमके उलट रूप घेतले, आणि ते १९२१ च्या बालमृत्यूंच्या तक्त्यात स्पष्ट दिसते. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ६६७ मुलांच्या मृत्यूंची नोंद झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच वर्षी हे प्रमाण ८३ होते. आरोग्य खात्याने खोल्यांच्या संख्येवरून केलेली फोड अशी: चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२, आणि एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत ८२८. त्या साली शहरातील जवळजवळ दोन तृतीयांश वस्ती एकेका खोलीत राहत होती.

एक खोली म्हणजे काय, ते त्याच सुमारास डॉक्टर बार्न्स या बाईंनी लिहून ठेवले आहे. गिरण्यांतील कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्याकरिता मुंबई सरकारने त्यांची नेमणूक केली होती. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा खोलीत त्या गेल्या, तेव्हा तेथे सहा कुटुंबे राहत असल्याचे त्यांना सांगण्यात आले. सांगण्यावर विश्वास ठेवण्याची गरज नव्हती, कारण जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली मांडलेल्या होत्या. विचारपूस करता मुलांमाणसांची संख्या तीस निघाली. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले होते. त्यांची सोय कशी होणार असे विचारले असता तीन फूट बाय चार फुटांची एक जागा दाखविण्यात आली. एरवीही आडोशासाठी तीच वापरात असे. याच बाईंना असेही आढळले की गिरणीत जाणाऱ्या आयांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. बाळागोळी या नावाने ती मिळे. आई दहा-दहा तास मागावर किंवा रिळांच्या खात्यात उभी असता घरी मूल निजून राहावे याला दुसरा उपाय त्यांच्याजवळ नव्हता, आणि या बायकांना अडाणी म्हणून हिणविणाऱ्या सुशिक्षितांनी दुसरा उपाय सुचविल्याचे माझ्या वाचनात नाही.

तरीही हजारी ८२८ हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, आणि तो का घेता येत नाही हे समजून घेण्यासाठी भाऊच्या धक्क्यावर जावे लागते. मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक शहरात होते. ज्यांची बायकामुले मुंबईत होती त्यांचीही बायको दिवस भरत आले की आगबोटीने दाभोळ, जयगड, रत्नागिरी, वेंगुर्ले अशा बंदरांना उतरून माहेरी जाई. त्या खोलीतील तीन फुटांचा आडोसा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण निराळे सांगावयास नको. जन्म कोकणात होई. दोन-चार महिन्यांनी बाळंतीण मुलाला घेऊन परत येई आणि गिरणीत रुजू होई, आणि त्या खोलीत, त्या दुधात, त्या अफूत मूल दगावले तर त्याचा मृत्यू मुंबईच्या दप्तरात पडे. त्याचा जन्म मुंबईच्या दप्तरात कधीच आलेला नसे. शिवाय जे जन्म शहरात होत त्यांतही गरिबाघरच्यांची वर्दी वॉर्डाच्या कचेरीत द्यावयास कोण जाणार? मेलेल्या मुलास पुरावयास जमीन लागते, म्हणून त्याची नोंद चुकत नसे. जन्माला आलेल्यास तशी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. याप्रमाणे एका खोलीच्या सदरात मृत्यू बहुतेक सगळे आले आणि जन्म मात्र थोडे आले, तर चार खोल्यांच्या सदरात दोन्ही पुरते आले. तेच मूल जर कोकणात दगावले असते, तर ते बहुधा कोणत्याच वहीत आले नसते, जन्माच्याही नाही आणि मृत्यूच्याही नाही.

ही उणीव आरोग्य खात्यास ठाऊक होती आणि अहवालांत तिचा स्पष्ट उल्लेख होई. दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळांनी ती उणीव म्हणजेच उत्तर असे मानले. जन्मांची नोंद अपुरी आहे, सबब हे प्रमाण भरवशाचे नाही, सबब त्यावरून काही निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, अशी ती विचारसरणी होती. आणि घरे बांधावयाची, पाणी द्यावयाचे, गिरणीत पाळणाघर काढावयाचे असा प्रश्न आला की ती फार उपयोगी पडे. एका खोलीतल्या जितक्या जन्मांची नोंद झाली तितकेच जन्म नोंदीबाहेर राहिले असे मानून प्रमाण निम्म्यावर आणले, तरी ते ४१४ होते. चार खोल्यांच्या घराच्या तिप्पट. आणि मुळात ती नोंद अपुरी का राहिली? बाळंतपणाला जागा नव्हती म्हणून. ज्या दारिद्र्याने मुले मेली त्याच दारिद्र्याने त्यांच्या जन्माची नोंद चुकविली होती. मग त्या चुकीचा आधार घेऊन दारिद्र्यच नाकारावे, हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर असला तरी त्यांच्या न्यायबुद्धीविषयी वाटत नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत कागदावरचे हे प्रमाण झपाट्याने उतरले. प्रसूतिगृहे निघाली, परळला १९२६ साली नौरोजी वाडियांच्या नावाचे मोठे प्रसूति-रुग्णालय सुरू झाले, सुइणी आणि आरोग्यसेविका चाळींतून हिंडू लागल्या. त्यामुळे मुले वाचली यात संशय नाही. पण त्यामुळे अधिकाधिक बायका मुंबईतच बाळंत होऊ लागल्या आणि त्यांच्या मुलांचे जन्म मुंबईच्या वहीत येऊ लागले, हेही तितकेच खरे. घसरणीचा किती भाग जगलेल्या मुलांचा आणि किती भाग लिहिल्या गेलेल्या जन्मांचा, याची वाटणी करणे आता शक्य नाही.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूति-लाभाचे विधेयक मांडले ते नामंजूर झाले. मुंबईच्या कौन्सिलात रा. स. आसवले यांनी तसाच प्रयत्न पुन्हा केला, डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली त्यास जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूति-लाभ कायदा संमत झाला. गिरणीतील बाईला बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे रोजी आठ आणे मालकाने द्यावे, असे त्यात ठरले. रक्कम थोडी होती आणि पळवाटा पुष्कळ होत्या. कित्येक मालकांनी विवाहित बायका कमी करण्याचा मार्ग धरला. परंतु त्या आठ आण्यांसाठी बाळंत झाल्याचा पुरावा दाखवावा लागणार होता. प्लेगच्या काळात ज्या चाळींत सरकारी कागदावर घरातल्या माणसाचे नाव येणे म्हणजे घर उठणे होते, त्याच चाळींतील बायका आता मुलाच्या जन्माचा दाखला मागावयास आपण होऊन कचेरीत येऊ लागल्या.